दोन अक्षरी

दांडिया बाजारात, आमच्या ओट्यावर, रविवारी साडेतीनला
दादा आणि वरच्या मजल्यावरचे विपिनभाई शेलत
इंग्रजी मांडून बसायचे.
दोघांच्याही घरची भाषा नव्हे ती,
म्हणून भांडण बरोबरीचं.

लांबलचक शब्द त्यांनी नोकरीत वापरून टाकले होते,
एकाने रेल्वेच्या मालधक्क्यावर, एकाने विम्याच्या कचेरीत.
उरले होते ते दोन-दोन अक्षरांचे.
दादांनी वीजबिलाच्या पाठीवर ते उतरवून ठेवलेले,
अर्थासकट, शिसपेन्सिलीने:
क्यू-आय, म्हणजे चिनी माणसाच्या अंगात फिरणारा प्राण. अकरा गुण.
झेड-ओ, याकचं आणि गाईचं लेकरू. अकराच.
ए-ए, ज्वालामुखीचा खरबरीत दगड,
अनवाणी चाललं की आपोआप तोंडातून निघणारा.
(हे शेवटचं दादांचं. कोशात नाही.)

क्यूची सोंगटी हरवली होती.
तिच्या जागी आईच्या पोलक्याचं निळं बटण.
बाकीच्यांना लिलो चिवड्याचं तेल लागून लागून
ई आणि एफ आता सख्खे भाऊ दिसायचे.

दादा अक्षरं दिसतील तशी वाचत, खणखणीत.
"तो."
"कोण तो?" आई आतून.
"ती."
"आता ही कोण?"
"ये."
"कशी येऊ? हात पिठाचे आहेत."

एकदा विपिनभाईंनी ए-आय लावलं.
उच्चार? थेट आई.
आई खरंच आली, पदराला हात पुसत,
म्हणाली, "तुमच्यात माझा अर्थ काय?"
दादांनी बिल डोळ्यांजवळ धरलं.
तीन नख्यांचा एक आळशी प्राणी.
झाडाला उलटा लोंबकळतो.
आठवड्यातून एकदाच खाली उतरतो.
"एकदा तरी उतरतो ना," आई म्हणाली
आणि कुकरकडे गेली.
गुण दोन.

मग बी-ए.
"पदवी चालत नाही," दादा.
"पदवी नथी, बा छे," विपिनभाई.
बा तर वर बसलेल्या, नव्वदीच्या,
काठी दोनदा आपटून मुलाला बोलावणाऱ्या.
कोश उघडला. निघालं ते तिसरंच:
मिसर देशातला जीव, पक्ष्याच्या रूपातला,
तोंड माणसाचं.
मेल्यावर दिवसा उडून जातो, रात्री देहाकडे परततो.
"मारी बा तो क्यांय जती नथी," विपिनभाई हसले.
वरून काठी वाजली, टक टक.
चार गुण लिहून ते जिना चढले.

उत्तरायणाचा मांजा तारांवर लोंबत होता अजून,
तेव्हा बा गेल्या.

पाच रविवार पट कपाटावर.
सहाव्याला विपिनभाई स्वतःच खाली आले,
डोक्यावर नुकतेच फुटलेले पांढरे खुंट.
खेळ नेहमीसारखा झाला, म्हणजे वाईट.
पिशवी रिकामी. त्यांच्या पट्टीवर दोन सोंगट्या.
मी मागे उभा होतो, मला दिसत होतं.
डावीकडे जागा होती. खाली जागा होती.
"पास," ते म्हणाले.
दादांनी कसंबसं एक 'ना' लावलं.
"पास."

हातात राहिलेल्या अक्षरांचे गुण वजा होतात,
हा नियम या खेळाचा.
दादांनी पेन्सिल धरली, विचारलं काहीच नाही.
विपिनभाईंनी सोंगट्या पालथ्या केल्या.
"चार ओछा," ते म्हणाले.
दादांनी लिहिलं: वजा चार.
तीन गुणांनी दादा जिंकले
आणि जिंकल्याची रेघ मारायची विसरले.

पिशवीत परत टाकताना
एक सोंगटी आधी पडली, एक नंतर.
वर काही वाजलं नाही.
दोघांनीही तिकडे पाहिलं मात्र.

आई दारात आली.
चहा म्हणते ती एरवी. त्या दिवशी तिने
विपिनभाईंच्या तोंडचा शब्द घेतला:
"चा?"

चालतो हा. यादीत नाही, तीन अक्षरं आहेत,
पण चालतो. मी कोशात पाहिलं.
आठ गुण.