प्रकाशनपूर्व

मुंबईत थंडी येते की नाही
यावर वाद घालता येईल,
पण आमच्या दुकानात ती येते
निळ्या पुठ्ठ्याच्या वहीतून.
न खपलेले दिवाळी अंक परत गेले
की मी नवं पान घेते, पट्टीनं रकाने पाडते:
नाव, फोन, पुस्तक, आगाऊ रक्कम.
आणि शेवटचा रकाना, ‘आलं’,
जो फेब्रुवारीपर्यंत तसाच कोरा राहतो.

पंखा दोनवर.
ठाकुरद्वारच्या नाक्यावर
मफलरवाला बसलाय, स्वतः बनियनवर.

या हिवाळ्यात येणार म्हणे
एका नर्सच्या रात्रपाळ्या, दोन खंडांत.
मुंग्यांवर एक जाडजूड, चित्रांसकट.
एक कादंबरी, जिच्या मुखपृष्ठावरून
प्रकाशक आणि चित्रकार बोलेनासे झालेत.
चार कवितासंग्रह
(यांची आगाऊ नोंदणी
बहुतेक कवीची मावशीच करते).

आणि मुंबईच्या विहिरी.

विहिरींचं हे सहावं वर्ष.
दर डिसेंबरात प्रकाशक सांगतात, छपाईला गेलंय.
एकदा खरंच गेलं होतं,
पण नकाशा उलटा छापला गेला,
माझगाव पश्चिमेला सरकलं,
आणि सगळे फॉर्म किलोच्या भावानं गेले.

वहीत विहिरींखाली पहिलं नाव काशीराम वैती.
गोदीत क्रेन चालवायचे, आता निवृत्त.
दोनशे साठ रुपये भरलेत, सवलतीच्या दरानं.
किंमत सहाशेवर गेली,
मालक कुरकुरतात,
मी म्हणते, पावती म्हणजे पावती.

ते आत येत नाहीत. उंबऱ्यावरूनच विचारतात,
“आली का विहीर?”
पुस्तक म्हणत नाहीत कधी.
मी मान हलवते.
“बरं,” म्हणतात,
एक बस चुकली, मागून दुसरी असेलच
अशा आवाजात.

यंदा सोळा जानेवारीला टेम्पो आला.
सुतळी कापली, ओल्या सरसाचा वास दुकानभर.
बारा प्रती.
मी आधी त्यांना फोन केला,
मग मालकांना.

इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्यांदाच आत आले.
प्रस्तावना ओलांडली, फोटो ओलांडले,
सूचीवरून बोट खाली नेत नेत
पान दोनशे अकरा.
दीड ओळ होती.
विहीर कधी बुजवली, त्यावर काय बांधलं,
आणि शेवटी: राखण चंगूबाय वैती करीत.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं, दीडच ओळ म्हणून.
“चांगूबाय,” म्हणाले. “आईचं नाव. काना राह्यलाय.”

काय बोलणार मी?
शुद्धिपत्र छापून घेऊ म्हटलं, तसं कुणी छापत नाही.
त्यांनी गल्ल्याजवळचं पेन उचललं,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि च च्या शेजारी एक उभी रेघ
वरून खाली सोडली,
आकडा सोडावा तशी,
खाली माणसं उभी असताना.

मग रॅककडे बघितलं.
“त्या अकरांतही तसंच असंल.”

मालक जेवायला गेले होते.
मी स्टूल पुढे केलं.
एकेक प्रत मी पान काढून धरत गेले,
ते काना देत गेले,
प्रत्येक वेळी शाई वाळेपर्यंत फुंकर घालून.
आठव्या प्रतीला हात थोडा हलला,
ती मीच विकत घेतली.

जाताना दारात थांबले.
“दुसरी आवृत्ती कधी?”
“पहिली संपली की.”
“मंग नाव लिहून ठेवा.”

मी नवं पान घेतलं, रकाने पाडले.
वैती, काशीराम. फोन तोच.
रकमेच्या खाली काय लिहावं कळेना.
त्यांनी खिशातून दहाची नोट काढून
वहीत ठेवली, आणि वही मिटली.