गेडी

लांजेवार गुरुजींनी सातवीला सांगितलं,
गावातल्या जुन्या माणसाला विचारा
लहानपणी काय खेळायचे,
आणि दोन पानांत लिहून आणा.

मी फुलवंताबाईकडे गेले.
ती बोडीच्या पारीवर शेण्या थापत होती.
"त्यात का लिवाचं हाय?" म्हणाली,
आणि हात न धुताच सांगत बसली.
भोवरा. गजगे. बिल्लस. डाबडुबली.
मी नंबर टाकून लिहीत गेले
वाण्याच्या यादीसारखं.

मग ती "गेडी" म्हणाली
आणि जरा थांबली.

"इस्तारीची होती, माह्या भावाची.
बापानं बारके वेरू आनले,
पाय ठेवाले खापा बांधल्या अंबाडीच्या दोरीनं,
गाठीवर मातीचं तेल टाकलं,
का चालताना कर्र कर्र बोलली पायजे.
ज्याची गेडी बोलत नाही थो पोट्टा मुका."

पोरींनी चढू नये असं कोणी म्हणत नव्हतं.
पोरींसाठी कोणी वेळू तोडत नव्हतं, एवढंच.

इस्तारी जेवायला बसला की ही चढायची.
दोनदा पडली. तिसऱ्यांदा
कोतवालाच्या कुंपणावरून तिला दिसली
कवेलूंच्या खाचेत अडकलेली
गेल्या साली हरवलेली त्यांचीच गिल्ली.
गल्लीभर चिखल, घोट्या घोट्याएवढा,
आणि तो खाली होता.
तिच्या पायांच्या खूप खाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
सगळी पोरं गेड्या घेऊन आखरावर जायची,
तिथं मोडून टाकायची.
(ती 'पोरा' म्हणाली होती,
मी वहीत 'पोळा' केलं.)
त्या पहाटे हिनं एक गेडी लपवली
आढ्याला, चुलीच्या धुरात.
"दोनी का नाही लपवल्या?"
"दोनी लपवल्या असत्या तं त्यानं मोडलं का असतं?"

इस्तारीनं एकच नेली.
घरी येऊन काही विचारलं नाही.
पुढं त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली,
तरी विचारलं नाही.

मागच्या पुसात तो गेला.
"आता कोनाची चोरी?" म्हणत
तिनं मला परसात नेलं.
काळीभोर झालेली गेडी
मांडवाच्या कोपऱ्यात रोवलेली,
वालाचा वेल तिला तीन वेढे घालून
खापेवर टेकला होता,
जसा कोणी पाय ठेवावा.

गुरुजींनी वहीवर 'छान' लिहिलं.
आठ खेळ, नावांसहित.
गेडीपुढं मी लिहिलं होतं:
बांबूची असते. पावसाळ्यात खेळतात.

पण त्या दिवशी परसात
मी वेल बाजूला करून
खापेवर पाय ठेवला होता,
भार दिला होता हळूच.
काही वाजलं नाही.

"तेल टाका लागते," फुलवंताबाई म्हणाली,
आणि चिमणी शोधायला घरात गेली.