सुतळीच्या गाठी

अनंतपुरातल्या मेलेल्या बोअरी मला तोंडपाठ आहेत.
मोटारी मीच वर काढल्या;
जळक्या वाइंडिंगचा वास, पाइपाच्या टोकाला कोरडी भुकटी.

तम्माण्णाची साडेसहाशे फुटी.
तिच्यावर फरशी, फरशीवर शेंगा वाळत घातलेल्या.
ती फरशी आम्ही हलवली.
केसिंगला भोकं पाडली, जाळी गुंडाळली,
भोवतीच्या खड्ड्यात धोंडे, खडी, कोळसा, वर वाळू
आणि ओढ्याचं गढूळ पाणी तिकडं वळवलं.
लोक म्हणाले, वाइंडिंगवाला आता भुईलाच पाजतोय.

तीन दिवस पीत राहिली,
गटागटा नव्हे,
तापातनं उठलेला माणूस पेज घेतो तशी.

मार्गशीर्षात सुतळीला दगड बांधून सोडला.
लई वेळानं, खालून
ठक्क.
कोरडं.

चैत्रात खालच्या वावरातनं इरव्वा आली
स्वतःची सुतळी हातात घेऊन.
चार गाठी ओल्या.
तिच्या बावीत, जिथं गेल्या साली कबुतरं राहत होती.
"नीर बंतु," म्हणाली. मग जरा थांबून, "तुमचं का हे?"

मी तम्माण्णाकडं बघितलं.
तो शेंगा फोडत होता.
टरफल फुंकून, मान वर न करता म्हणाला,
"औंदा खड्डा हातभर वाढवूया."