आठवा स्क्रू

बेव्हर्लीचा नवरा दारात उभा, हातात मुरंब्याची बरणी.
"राखेतून चुंबक फिरवतात," म्हणाला,
"हे काही त्याला लागलं नाही.
हातानं वेचून ठेवलं त्यांनी. तुमचंच ना?"

टायटॅनियम चुंबकाला लागत नाही, मी सांगितलं.
एवढंच सुचलं.
बरणीत दोन सळ्या, आचेनं निळसर पडलेल्या,
आणि सात स्क्रू.

मिरजेत शेजारचे आगाशे गेले, तेव्हा
तिसऱ्या दिवशी त्यांची मुलं कृष्णेकाठी गेली.
आमच्यात माती देतात, वेचायला काही मागे राहत नाही,
तरी शब्द कानावर होता: सावडणं.
शेफील्डमध्ये चाळीस वर्षांत
तो कधी लागला नव्हता.

आम्ही शिकलगार. कुणा खापरपणजोबानं तलवारींना धार लावली,
तलवारी संपल्या, मग भोपळ्यांना तारा लावल्या.
अब्बा खुंटी पिळताना डोळे मिटून घेत.
म्हणत, यासीन, लाकूड नको म्हणालं की थांबायचं.
आणि मी आलो कुठे,
तर सुऱ्या-कात्र्यांच्या गावात, हाडात खुंट्या मारायला.

शहाऐंशी साल. ती तेरा वर्षांची,
कणा ओढ्यासारखा: उजवीकडे गेलेला, मग मन बदललेला.
बासष्ट अंश.
दुखेल का, हे तिनं विचारलं नाही.
विचारलं, "मी अजून उंच होईन का?"

घट्ट धरायचं, पण वाढू द्यायचं.
सहा महिने मी कागद फाडत होतो.
शेवटी वर्कशॉपमधल्या विल्फ आर्ड्रननं
घोड्यांच्या पैजेच्या चिठ्ठीमागे
त्याच्या काचघराच्या खिडकीची खिटी काढून दाखवली.
सरकते, पण निसटत नाही.
टोमॅटो असतात आत, म्हणाला, गरम झालं की उघडावं लागतं.

पेटंटवर नाव माझं.
आकृती तीनमध्ये ती खिटी आहे,
टोमॅटो नाहीत.

एक्याण्णवला तिचा आठवा स्क्रू मोडला, खालून दुसरा.
अहवालात मी लिहिलं: धातूचा थकवा.
धातूला थकवा येतो, हे खोटं नाही.
पण बसवला त्या दिवशी मी सव्वीस तास जागा होतो
आणि हाड नको म्हणालं होतं. स्पष्ट.
समितीनं विल्फचं लेथ तपासलं,
त्याची मापं, त्याची वही, त्याचा चष्मासुद्धा.
विल्फ हात पुसत बाजूला उभा राहिला.
माझ्याकडे त्यानं पाहिलं, की नाही पाहिलं,
हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं.
खिटी सतरा देशांत गेली. मला पदक, डोरमध्ये टेकडीवर घर.
विल्फला दफन केलं तेव्हा मी शिकागोत भाषण देत होतो.
विषय होता: अपयशातून आपण काय शिकतो.
लोकांनी पाठ थोपटली. माझी.

"आठ होते म्हणायची," बेव्हर्लीचा नवरा म्हणाला,
"एक डॉक्टरकडे ठेवलाय, असं सांगायची सगळ्यांना."
स्वादुपिंडानं गेली ती, बावन्नाव्या वर्षी.
कण्याचा काही संबंध नव्हता. मी तीनदा विचारलं.

खालच्या खणात आहे, फिल्मच्या डबीत.
वाकायला गेलो आणि कंबरेनं नकार दिला,
तीस वर्षं शिशाचा एप्रन घालून उभं राहिल्यावर
ती कुणाचं ऐकत नाही.
त्यानंच खण ओढला, डबी काढली,
दोन तुकडे तळहातावर घेतले.

"मोडला तो विल्फमुळे नाही," मी म्हणालो.
पहिल्यांदाच म्हणालो, मोठ्यानं, माणसासमोर.

तो विल्फला ओळखत नव्हता.
तुकडा उजेडात धरून बघत राहिला.
"मोठा आहे की," म्हणाला,
"मला वाटलं होतं, बारीकसा असेल."