मागून पाहिलेला पिक्चर

सर्जेकोटच्या धक्क्यावर परवा पिक्चर दाखवला.
पडदा म्हणजे हरेश्वर खोबरेकराच्या
मोडीत काढलेल्या होडीचं शीड,
मधोमध ठिगळ.
माझी चहाची टपरी नेमकी शिडामागं,
म्हणून मी तो उलटा पाहिला:
पाट्यांवरची अक्षरं उलटी, पोरगा डावखुरा,
आणि जवळून चेहरा दाखवला की
ठिगळ बरोबर त्याच्या नाकावर.
माझं मत धरू नका,
एवढ्यासाठी हे आधी सांगितलं.

पोरगा चौदाचा. मे महिन्याची सुट्टी.
शेजाऱ्यांकडे अडकलाय सायकलचा पंप.
तो मागायला जायचं
आणि मागायचा नाही,
एवढीच गोष्ट.
तीनदा जातो, तीनदा सरबत पिऊन परत येतो.
तिथं एक मुलगी असते. तीही बोलत नाही,
नुसती लिंबं पिळते.

"हसायचा खंय ह्याच्यात?"
भिवा तांडेलानं अंधारातच विचारलं.
"मगाशी होता," सकिना मुकादम म्हणाली,
"आता गेला ता."

संपला तेव्हा संपल्याचं कुणाला कळलं नाही.
पोरगा साकवावर उभा, चाक बसलेलं,
आणि एकदम नावं वर सरकायला लागली.
लोक बसूनच.
मग शिडावर नुसता उजेड उरला
आणि एक पाकोळी,
तीही थोडा वेळ पाहिली सगळ्यांनी,
न जाणो, हिच्यात काही असेल.

मग उसळले.
बर्फ कारखान्याचा जोगल म्हणाला,
माझी लादी वितळते
त्यात याहून जास्त घडतं.
अंगणवाडीच्या मेस्त्रीबाई म्हणाल्या,
मला रडू आलं, का ते विचारू नका.
त्यांच्या नवऱ्यानं का ते विचारलं.
दोघं वेगवेगळ्या वाटांनी घरी गेली.
सकिना अजून हसत होती, आणि कशाला
ते तिलाही सांगता येईना;
"ता सरबत..." म्हणायची आणि पुन्हा पदर तोंडाला.
कॉलेजातली दोन पोरं म्हणाली,
निदान एक तरी कानफटात हवी होती.

भिवा सगळ्यांत तापलेला.
"वयनी, चाय दी. डोक्या उठला.
काय्येक घडाक नाय! ऐक, सांगतंय तुका.
पोरगो न्हाव्याकडे जाता.
मिशी नाय, दाढी नाय, गाल आंब्याच्या कोयीसारखे.
न्हावी बघता. काय बोलणा नाय.
फेस लावता, भरपूर.
आणि वस्तऱ्याच्या पाठीन, पाठीन गो!,
हळूहळू सगळो फेस काढता.
पैशे घेता पुरे. एक रुपयो कमी नाय.
आता ह्याका काय घडला म्हणूचा?"

मी म्हटलं, काही नाही.

"मगे घराक येता. बापूस दारात.
वास घेता पावडरीचो.
आत जाता, दोन ताटां मांडता.
पयल्यांदा सारख्या आकाराची.
बोलणा नाय! कोणच बोलणा नाय!"

दूध संपेपर्यंत सांगत राहिला,
लिंबाच्या बियासुद्धा न गाळता,
काही घडलं नाही
हे मला पटवायला.
त्याचा उजवा हात, बोटं उलटी करून,
गालावरून खाली येत होता,
पुन्हा वर जात होता, पुन्हा खाली.
तेव्हा मला कळलं,
पोरगा डावखुरा नव्हता.

समोरचा कंदील त्यानंच मालवला,
"पैशे फुकट" म्हणाला,
आणि कोळंबच्या वाटेनं गेला.
पिक्चर फुकटच होता.

चार चहांचे पैसे मात्र राहिले.
काल त्याच्या दारावरून दोनदा गेले.
आज गेले तर ओट्यावर होता, जाळं शिवत.
"ये," म्हणाला, "बस. कोकम घेतंस?"
घेतलं.