अर्धा मीटर

कंधारला, बसस्टँडच्या मागं, जलीलभाईंच्या स्टुडिओत
पहिल्याच दिवशी मी विचारलं,
लेन्सवर पन्नास लिहिलंय, ते कशाचं पन्नास?
नळीला पट्टी लावून बघितली होती. जुळत नव्हतं.

त्यांनी नाकावरचा चष्मा काढला,
वाचायचा, दोन नंबरचा, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली,
दाराच्या उजेडाकडं धरला
आणि म्हणाले, बिलबुकातला कोरा कागद घे, मागं सरक.
सरकले. अजून. अजून थोडं. बस.
कागदावर रस्त्यापलीकडची चिंच लटकली,
खोड वर, शेंडा खाली,
आणि तिच्याखालून एक उलटी एस्टी गेली.
आवाज तेवढा सुलटा.

शिंप्याच्या टेपनं मोजलं. काच ते कागद, अर्धा मीटर.
"लांबचं जे काही हाय, ते काचेतून येऊन
जिथं बूड टेकतं, तिथवरचं हे अंतर.
चष्म्याचं अर्धा मीटर, तुझ्या लेन्सचं पाच सेंटीमीटर.
एवढंच. बाकीचं पाय करतात."

पाय करतात म्हणजे काय, ते माळेगावच्या जत्रेत कळलं.
घोड्यांचा बाजार. भंडारा असा उडत होता
की काच पुसली की फडकं पिवळं.
पालमचे धोंडीराम कऱ्हाळे काजळी घोडी धरून उभे.
"फोटू असा काढ, बघणाऱ्याची टोपी पडली पायजे.
गिऱ्हाईक परभणीचं हाय, मोबाईलवर धाडायचाय."
मी अठ्ठावीस लावली, तिच्या नाकाशी उकिडवी बसले.
तोंड आलं म्हशीएवढं, मागचे पाय शेळीचे.
"ही माझी न्हाई," धोंडीराम म्हणाले. "कोणाची काढलीस?"

मग एकशे पस्तीस.
चाळीस पावलं मागं गेले,
भजेवाल्याच्या भट्टीची धग पाठीला लागेपर्यंत.
घोडी सरळ झाली, चारही पाय तिचे तिला मिळाले,
पण बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाचा आकाशपाळणा
तिच्या पाठीवर खोगिरासारखा येऊन बसला.
डोळा काढला, पाळणा लांब.
डोळा लावला, पाठीवर.

गिऱ्हाईक संध्याकाळच्या आत स्वतःच आलं.
दोन्ही फोटो बघितले. यातला खरा कोणता?
जलीलभाई पानाला चुना लावत होते.
"दोन्ही. पोरगी कुठं उभी होती, ते इचारा."

सौदा झाला रुमालाखाली, बोटं धरून.
तिथं माझी कुठलीच लेन्स पोचत नव्हती.

टेम्पो निघाला तेव्हा कॅमेऱ्यावर पन्नास होती.
धोंडीराम माझ्या शेजारी, हातात रिकामा लगाम.
"काढ," म्हणाले.
एकशे पस्तीस पिशवीत होती,
चेन उघडायला कितीसा वेळ लागतो?
टेम्पो पुलावर चढला. वर घोडी, तिळाएवढी.
मी पिशवीला हात लावला नाही.
ते उभे होते तिथून ती तेवढीच दिसत होती.

फाल्गुनात ते फोटो न्यायला आले.
मी मोठा करून ठेवला होता. रस्ता, धूळ, दोन बाभळी,
आणि पुलावर तो एक ठिपका.
त्यांनी फोटो डोळ्यांपुढं धरला.
हात लांब केला. अजून लांब.
कोपर ताठ झालं, हात संपला.
"दिसंना गं."

जलीलभाईंनी दोऱ्याची दांडी सांभाळत चष्मा उतरवला
आणि काउंटरवरून वाकून त्यांच्या कानांवर चढवला.
फोटो सावकाश मागं आला, छातीपासून हातभर, आणि थांबला.
बाहेर एस्टी गेली. आम्ही तिघंही गप्प.
अंगठ्याचं नख त्यांनी ठिपक्याच्या शेजारी टेकवलं,
ठिपका झाकू न देता.
"उजवा कान," म्हणाले,
"कायम असाच वाकडा धरती."