पिग्मी

चार वाजता ऊन जरा कलतं,
तेव्हा मी मार्केट यार्डाच्या फाटकातून आत शिरते.
खांद्याला पिशवी, पिशवीत मशीन,
मशीनमध्ये तीनशे बारा माणसं.

पहिला आदगोंडा. पोत्यांच्या थप्पीमागून येतो,
बंडीच्या खिशातून नोट काढतो.
वीसची नोट मुळातच पिवळसर,
त्याच्याकडून ती हळद लागून येते.
"मोजू नका बाई, एकच हाय."

गिरणीवाला मल्लाप्पा पैशावर फुंकर मारून देतो.
शकीरा तांबोळीची दहाची नोट
पानांवरच्या ओल्या फडक्याखालची, कायम दमट.
रात्री भरणा जुळवताना
दिवा गेला तरी मी सांगू शकेन कोणाची कुठली.

पावती कोणी जपत नाही.
तो कागद तसाही सहा महिन्यांत कोरा होतो.
अक्षरं उडतात, पण आकडा
तिकडे शाखेत शाबूत असतो,
असं मी सगळ्यांना सांगते.
सांगता सांगता मलाही थोडं पटतं.

गणपती पेठेत भूपाल कासार
बांगड्यांचे तोडे लावता लावता म्हणाला,
"यंदा मोडावं म्हणतोय."
मी नियम म्हटला, पाढ्यासारखा:
वर्षाच्या आत मोडलं तर व्याज नाही, वर कापून घेतात.
तो भिंतीकडे बघत राहिला.
भिंतीवर छातीइतक्या उंचीला पुराची रेघ.
सगळ्या दुकानाला रंग दिला त्यानं,
तेवढी वीतभर जागा सोडली.
"त्या साली हे नसतं तर," म्हणाला,
पुढचं म्हणाला नाही.
पन्नास दिले. मोडलं नाही.
मला बरं वाटलं.
चौकापर्यंत आल्यावर वाटलं,
हे बरं वाटणं माझं, की माझ्या कमिशनचं?

संजयनगरला जायला शेअर रिक्षा
हात दाखवला की थांबते.
मी हात दाखवत नाही.

घरी माझ्या आधी सगळे येऊन बसलेले:
मोटारसायकलचा हप्ता,
मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या,
सुयोगच्या बुटाचा उचकटलेला तळ.
बूट चिकटवायचा की नवा घ्यायचा
यावर आमच्याकडे तीन दिवस चर्चा चालते,
आणि चौथ्या दिवशी मी तो चांभाराकडे टाकून येते.
सिलिंडर मी पंचेचाळीस दिवसांवर नेलाय,
डाळ सकाळीच भिजत घालून,
दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद करून.
तिसरी शिट्टी कुकरनं स्वतःच्या वाफेवर बघावी.
हे म्हणतात, तू बँकेतच असायला हवी होतीस.
मी बँकेतच आहे.
नुसती खुर्ची नाही.

तीनशे तेरावं खातं
गेल्या दसऱ्याला उघडलं. माझ्या नावानं.
वारस म्हणून कोणाचं नाव घालायचं
यावर पेन जरा थांबलं होतं.
कशासाठी, ते अजून ठरत नाही.
उजवा खांदा दुखतो तेव्हा ते वॉशिंग मशीन असतं.
शेजारच्या बाई बदामीला जाऊन आल्या
त्या आठवड्यात ते बदामी होतं.
एरवी काहीच नसतं.
ज्यांना अजून कोणी हाक मारलेली नाही
असे पैसे दिसतात कसे, एवढंच बघायचंय.

तर संध्याकाळी, कुलूप काढल्यावर,
चप्पल न काढता मी उंबऱ्याबाहेर उभी राहते
आणि आतल्या बाईला विचारते,
"आज किती टाकताय?"
कधी ती वीस देते.
भाजीवाल्याशी घासाघीस करून उरलेले पाच देते.
सुट्टे नाहीत म्हणते.
पाहुणे आलेत म्हणते.
भूपालसारखी भिंतीकडे बघते.
महिनाअखेरीला तर सरळच सांगते,
"उद्या या."

मला राग येत नाही.
दिवसभरात अकरा जणांनी तेच सांगितलेलं असतं.
मी मशीन पिशवीत घालते,
चप्पल काढते, आत येते,
भाताला आधण ठेवते.

उद्या जायचंच आहे तिच्याकडे.